ओव्हाळमावशींची ट्रायल

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टच्या दाराला एक लाल टिकली चिकटवलेली आहे. कपाळाला लावतात तीच, मध्यम आकाराची. नवीन पाहुणे विचारतात, लिफ्टची पूजा वगैरे केली होती का? पूजा नाही, लिफ्ट नापास झालेली आहे. गेल्या वर्षी ती सलग तीन दिवस दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. तेव्हा माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या निर्मला ओव्हाळमावशींनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि दाराला लाल टिकली लावून टाकली. लिफ्ट पुढे दुरुस्त झाली, टिकली मात्र आहे तिथेच आहे. "रीचेक झाल्याबिगर लाल निघत न्हाई," असा मावशींचा नियम आहे. रीचेक करायचं तर मावशींना लिफ्टमध्ये बसावं लागेल, आणि नापास लिफ्टमध्ये त्या बसत नाहीत.

पास झालेल्या वस्तूला हिरवी टिकली मिळते. माझ्या घरात तिचे मानकरी तीनच. एक कुकर, एक स्वयंपाकघरातली खिडकी आणि एक माझे मिस्टर. मावशींचा गळका नळ त्यांनी पहिल्या फटक्यात दुरुस्त केला म्हणून मावशींनी कौतुकाने त्यांच्या शर्टाच्या खिशावर टिकली लावली. ती तशीच घेऊन ते ऑफिसला गेले. दिवसभर लोक आपल्याकडे बघून का हसतायत, हे त्यांना संध्याकाळी मी सांगितल्यावर कळलं.

मावशींनी तळेगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली, तीही रंगाच्या खात्यात. गाड्यांचे पत्र्याचे भाग रंगवून यायचे आणि मावशी ते ट्यूबलाइटखाली उभे करून बघायच्या. कुठे बुडबुडा, कुठे ओघळ, कुठे धुळीचा कण. त्यांच्या हातून एकही खोट पुढे गेली नाही असं त्या सांगतात, आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही ते खरं वाटेल. दीड वर्षापूर्वी त्या निवृत्त झाल्या. नोकरी सुटली, नजर काही सुटली नाही. नवी छत्री आणली की डोक्यावर वर्तमानपत्राची घडी ठेवून मावशी बाथरूममध्ये शॉवरखाली छत्री उघडून अर्धा तास उभ्या राहतात. पेपर कोरडा राहिला तर छत्री पास.

मी घरातल्या पुढच्या खोलीत ब्युटीपार्लर चालवते. मावशी तिथे रोज यायच्या, पण गिऱ्हाईक म्हणून कधीच नाही. खुर्चीत बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे तिरक्या नजरेने बघत म्हणायच्या, "उजव्या भुवईला अर्धा मिलिमीटर जास्त गेलंय गं वैशाली." माझं डोकं फिरायचं. आणखी फिरायचं कारण असं, की ते खरं असायचं.

मावशींचं लग्न झालेलं नाही. वडील लवकर गेले, पाठची तीन भावंडं होती, त्यांची शिक्षणं आणि लग्नं करता करता राहून गेलं. पण मावशी ते असं सांगत नाहीत. "तीन जन आलते मला बगायला. तिन्ही माल परत केले," असं सांगतात. एक नखं खायचा, दुसऱ्याने वय चोरलं, तिसऱ्याचा एक खांदा खाली होता. ही गोष्ट मी माझ्या गिऱ्हाइकांना निदान शंभर वेळा ऐकवली असेन. फेशियल चालू असताना हसायचं नसतं, तरी बायका हसायच्या.

त्या गिऱ्हाइकांतली एक शिल्पा. तळेगावात शाळेत शिक्षिका आहे, माहेर लोणावळ्याचं. एक दिवस भुवया करून झाल्यावर आरशातूनच मला म्हणाली, "वैशालीताई, त्या समोरच्या मावशी आहेत ना, त्यांना विचारून बघाल का? बाबांसाठी." तिचे वडील मधुकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. आई जाऊन सहा वर्षं झाली. "बाबा आता कपाटाशी बोलतात," शिल्पा म्हणाली. "कपाट उत्तर देत नाही म्हणून त्याच्यावर चिडतातसुद्धा."

मी घाबरत घाबरत मावशींना सांगितलं. हातातलं काम टाकून त्या माझ्याकडे बघतील, टिकल्यांचं पाकीट काढतील आणि माझ्याच कपाळाला लाल लावतील अशी माझी खात्री होती. त्या गवार मोडत होत्या. मोडतच राहिल्या. पाव किलो गवार संपल्यावर म्हणाल्या, "कवा?"

"येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. त्यांच्याच घरी, लोणावळ्याला."

"म्हंजे दहा दिस." मग गवारीच्या शिरा गोळा करत म्हणाल्या, "वैशाली, हे शेवटचं सँपल हाय बग. हे गेलं की लाइन बंद."

त्या एवढ्या हळू बोलल्या की थट्टा करायचं माझ्या मनातही आलं नाही. एकोणसाठ वर्षांच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी मागितलं होतं. म्हणजे तोंडाने मागितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पार्लरमध्ये आल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या.

मी लग्नसराईसाठी डोळ्यांना लावायच्या रंगांची एक नवी पेटी मागवली होती. आयशॅडो पॅलेट. बारा रंग, सगळे उबदार: विटकरी, तांबूस, केशरी, गंजाचा, बदामी, कथ्थई. मावशींच्या सावळ्या रंगाला त्यातला तांब्यासारखा रंग काय खुलेल, हे मला पेटी उघडल्या उघडल्याच दिसलं होतं. मी ब्रश उचलला.

"थांब," मावशी म्हणाल्या. "सँपल पास झाल्याबिगर लाइनीवर माल चढवायचा न्हाई."

पेटी त्यांनी खिडकीशी नेली. प्रत्येक चौकोनाखाली इंग्रजीत काहीतरी गोड नाव होतं, ते त्यांनी अंगठ्याने झाकलं. "हा तर रेड ऑक्साइड. प्रायमर हाय हा, वरचा कोट न्हाई. हा गंज. गंज काडायला मी तीस वर्सं घालवली, आन् लोक हितं पैसे दिऊन लावून घेत्यात व्हय? हा मातुर बरा हाय." बोट तांब्याच्या रंगावर होतं. "पन बरा दिसतो त्योच माल दगा देतो."

मग ट्रायल सुरू झाली. रोज दोन रंग, एक डावीकडे, एक उजवीकडे, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पहिल्या दिवशी मावशी एक डोळा विटकरी आणि एक डोळा केशरी घेऊन भाजीला गेल्या. भाजीवाली म्हणाली, "मावशी, डोळं आलं का काय?" मावशी म्हणाल्या, "ट्रायल चालू हाय." दुसऱ्या दिवशी त्याच अवस्थेत त्या सोसायटीच्या मीटिंगला बसल्या आणि पाण्याच्या टाकीवरून चेअरमनशी भांडल्या. चेअरमन नेहमी उलट बोलतात, त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उष्णतेची परीक्षा म्हणून कोपऱ्यावरच्या भजीवाल्याच्या कढईशेजारी स्टूल टाकून बसल्या. भजीवाल्याचा धंदा त्या तासाभरात वाढला की बसला, हे अजून नक्की झालेलं नाही.

बुधवारी दमटपणाची परीक्षा होती. त्यासाठी मावशी एकट्या लोकलने लोणावळ्याला आणि तिथून भुशीला गेल्या. भर पावसाळा. धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, कॉलेजची पोरं त्यात लोळत होती, आणि त्यांच्या मधोमध मावशी पूर्ण रेनकोट घालून, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधून, फक्त डोळे उघडे ठेवून अर्धा तास बसल्या. दोन ग्रुपनी त्यांच्याबरोबर सेल्फी काढले. संध्याकाळी माझ्याकडे येऊन त्यांनी निकाल दिला: "तांब्याचा टिकला. केशरी गालावर आला."

"आणि एवढा वेळ कुठे होतात? तीनची लोकल होती ना?"

मावशींनी रेनकोटची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. "येता येता जरा त्या मधुकररावांच्या गल्लीनं आले. आत न्हाई गेले. दाराशी गवती च्या लावलाय. बुडाशी माती भुसभुशीत हाय, कुनीतरी हातानं केल्याली." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. शुक्रवारी दुपारी मी एका मुलीच्या भुवया करत होते. दार उघडलं आणि मावशी डाव्या डोळ्यावर हात धरून आत आल्या.

"वैशाली, अॅडहेजन फेल गेली."

कारखान्यात रंग पत्र्याला घट्ट धरलाय की नाही हे बघायची एक पद्धत असते. पत्र्यावर चिकटपट्टी दाबून बसवायची, टोक धरायचं आणि एका झटक्यात ओढायची. पट्टीला रंग लागला तर माल नापास. मावशींनी तीस वर्षांत हजारो पत्र्यांवर हे केलं होतं. त्या दिवशी स्वतःच्या पापणीवर केलं.

मी त्यांचा हात बाजूला केला. पापणी टोमॅटोसारखी लाल झाली होती, बाहेरच्या कोपऱ्यातले केस गायब होते आणि शेपटाकडची निम्मी भुवईही पट्टीबरोबर गेली होती.

"मावशी! पापणी म्हणजे काय पत्रा आहे?" मी ओरडलेच. खुर्चीतली मुलगी दचकली.

"सायबांनी शिकवलं तसं केलं," मावशी म्हणाल्या. "आधी ब्लेडनं बारीक चिरा पाडायच्या असत्यात. त्या न्हाई पाडल्या. तेवडी अक्कल हाय मला."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, आणि आठवडाभर पापणीला काहीही लावायचं नाही म्हणून सांगितलं. नेमकं काय केलं होतं, हे त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांना फक्त ऐकायचं होतं, असा मला संशय आहे.

शनिवारी सकाळी सूज जास्तच दिसत होती. मावशी आमच्या सोफ्यावर बसून म्हणाल्या, "शिल्पाला फोन लाव. म्हनावं, माल वाहतुकीत डॅमेज झाला."

"काहीतरीच काय! डोळाच सुजलाय ना? सांगू की तसं."

"त्यांना काय सांगनार? बाई यडी हाय, चिकटपट्टी लावून घिती?"

"मग जाऊ दे ना," मी थट्टेवारी नेलं. "तुम्ही तिघांना परत पाठवलंत, एकाने तुम्हाला पाठवलं तर फिटंफाट."

मावशी आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मी कुनालाबी परत पाठवलं न्हाई गं वैशाली. तिघंबी येऊन गेले, च्या घेतला. मंग निरोपच आला न्हाई. तवा दर बारीला मी आरशात जाऊन उभी ऱ्हायची. म्हनलं, कायतरी खोट असंल ना? ट्यूबलाइट लावून बगायची. मला कायच दिसायचं न्हाई."

मला कधी नव्हे ती स्वतःची लाज वाटली. तो नखं खाणारा, तो वय चोरणारा, तो खांदा पडलेला, मी त्यांच्यावर किती जणींना हसवलं होतं! आणि मला राग आला, त्या तिघांचा, माझा, आणि थोडा मावशींचाही.

"मी फोन करणार नाही," मी म्हणाले. "जायचं नसेल तर तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने सांगा." आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला.

त्यांनी शिल्पाचं नाव काढलं. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग मोबाइल उलटा करून टीपॉयवर ठेवला. "रेंज न्हाई," म्हणाल्या. रेंज पूर्ण होती.

रविवारी सकाळी मी त्यांची साडी नेसवून दिली. पापणीला हात लावायचा नव्हता, पण भुवईला कुणी मनाई केली नव्हती. त्या उबदार बारा रंगांतला सगळ्यात साधा कथ्थई घेतला आणि बारीक ब्रशने एकेक केस काढावा तशी गेलेली निम्मी भुवई काढली. बाकी रंग तसेच राहिले. मावशी आरशाला नाक लावून दोन मिनिटं बघत होत्या. मी अर्ध्या मिलिमीटरची वाट बघत होते.

"चालंल," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

जवळच्या घोरावाडी स्टेशनवरून लोकल पकडली. मळवली जाईपर्यंत मावशी नुसती पर्सची चेन उघडत आणि लावत होत्या.

मधुकररावांचं घर छोटं, दोन खोल्यांचं, पण कोपरा न् कोपरा पुसलेला. मधुकरराव दारातच उभे होते. उंच, उन्हाने रापलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. केस मात्र असे काळेभोर, की मला आधी टोपच वाटला. नीट बघितलं तर घरीच केलेला डाय होता. डाव्या कानाच्या पाळीवर आणि मानेच्या बाजूला चांगला दोन बोटं काळा डाग राहिला होता. आधीच येऊन थांबलेल्या शिल्पाने माझ्याकडे बघून डोळे मिटले. मी मावशींकडे बघायचंच टाळलं. तीस वर्षांत ज्या बाईने ओघळ सोडला नाही, तिच्यासमोर हा ओघळ जिवंत उभा होता.

"या. हितं बसा, वारं येतं," मधुकरराव म्हणाले आणि आत गेले. पोह्यांचा ट्रे घेऊन तेच बाहेर आले. शिल्पा घ्यायला उठली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मीच देतो." बशा एकमेकींवर वाजत होत्या. मावशींनी पुढे होऊन ट्रेची दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून तो टेबलावर ठेवला.

सगळ्यांनी पोहे खायला घेतले. मधुकररावांचं लक्ष मावशींच्या डाव्या डोळ्याकडे होतं, ते काही लपत नव्हतं. शेवटी त्यांनी चमचा खाली ठेवला.

"रागावनार नसाल तर इचारू का? डोळ्याला काय झालं?"

घरून ठरवून आलो होतो, माशी चावली म्हणून सांगायचं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि पहिल्या दिवसापासून सगळा रिपोर्ट दिला. रेड ऑक्साइड, भजीची कढई, भुशीच्या पायऱ्या, चिकटपट्टी. काही गाळलं नाही. गल्लीतून गेल्याचं तेवढं गाळलं.

मधुकरराव हसले नाहीत. मान हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "पट्टी कशी वडली? सरळ का तिरपी?"

"सरळ. झटक्यात."

"मंग बरोबर हाय. पन मंग पास कुटला झाला?"

"तांब्याचा," मावशी म्हणाल्या. "बुधवारीच झालता. उगाच पुढची टेस्ट घेतली."

"घ्यावीच लागती," मधुकरराव म्हणाले. आणि ते बोलायला लागले. रेल्वेत ते की-मॅन होते. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, रोज सकाळी हातोडा घेऊन पाच-सहा किलोमीटर चालत त्या बघायच्या आणि सुटलेली ठोकून बसवायची. घाटात, धुक्यात, पावसात. "काल ठोकल्याली आज परत बगायची. लोक म्हनायचे, काल बगितली ना? पन गाडी तर आजबी जानार असती."

"हेच मी आमच्या सायबांना सांगायची!" मावशी एकदम पुढे सरकल्या. "सायेब म्हनायचे, दहातला एक बगा. मी म्हनायची, मंग नऊ कुनी बगायचे?"

त्यानंतर शिल्पाने आणि मी आत जाऊन चहा केला, तो बाहेर नेला, परत आत आलो, कप विसळले, ओटा पुसला. आमची कुणी आठवण काढली नाही. बाहेर आता नापास लिफ्टची गोष्ट चालली होती. निघताना मधुकररावांनी घसा साफ केला. "फुडच्या रविवारी मी येऊ का तळेगावला? तुमची ती लिफ्ट बगायला."

"जिन्यानं या," मावशी म्हणाल्या. "चौथा मजला हाय. गुडगे बरे हायत ना?"

"घाट चाललोय बाई मी," ते म्हणाले, आणि तेव्हा दोघंही हसले.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली. कामशेतपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग राहवेना.

"मावशी, त्यांचा कान बघितलात?"

"डावा," मावशी म्हणाल्या. "पाळीवर आन् मानंवर. दारातनं आत पाय टाकल्याबरोबर दिसला. मागनं पांढरे तसेच ऱ्हायल्यात, कॉलरच्या वर. हात पोचला नसंल."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

मावशी बाहेर बघत होत्या. भातखाचरांत पाणी साचलं होतं, बायका वाकून लावणी करत होत्या.

"कसं बोलू गं?" त्या म्हणाल्या. "मानूस सकाळी उठून, वाटीत रंग कालवून, एकला उभा ऱ्हायला असंल. मी येनार म्हनून. आजवर मीच आरशाफुडं उभी ऱ्हायले वैशाली. माज्यासाटी कुनी उभं ऱ्हायलं न्हवतं."

मग पदराचं टोक घेऊन त्यांनी डोळे पुसले, आधी उजवा, मग सुजलेला डावा. मी काढलेली निम्मी भुवई पदराला लागली. मी काही बोलले नाही.